पारदर्शक प्लॅस्टिकच्या कामात उतरणाऱ्यांसाठी: बाटली उघडण्याआधी

इंदूरमध्ये मी हेडलाइट, जीपच्या कापडी हूडच्या खिडक्या आणि नर्मदेकडून येणाऱ्या बोटींच्या प्लॅस्टिकच्या काचा साफ करून देतो. या धंद्यात येऊ पाहणारी मुलं पहिल्यांदा विचारतात, बफिंग मशीन कोणतं घेऊ, कंपाउंड (घासून चमक आणणारी पेस्ट) कोणतं? सियागंजच्या बाजारात दोन्ही मिळतं. काम फसतं ते समोरचं प्लॅस्टिक न ओळखल्यामुळे.

हेडलाइट पॉलिकार्बोनेटचा असतो, बहुतेकांवर कोपऱ्यात ‘पीसी’ ही बारीक अक्षरं साच्यातूनच उमटलेली असतात. बोटीची कडक खिडकी बहुधा ॲक्रिलिकची. हूडमधली गुंडाळता येणारी शीट म्हणजे मऊ पीव्हीसी. तिला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य उन्हाने निघून जातं, शीट पिवळी आणि कडक होते, आणि ते द्रव्य परत घालता येत नाही. अशी शीट आली की गिऱ्हाइकाला तिथेच सांगा, बदलावी लागेल. पैसे बुडतात असं वाटेल, पण तो माणूस परत येतो.

आता थिनरचं. हे नीट वाचा.

मी जिथे शिकलो त्या गॅरेजात प्रत्येक डागावर एकच औषध होतं, थिनरचा बोळा. डाग जातो, काच चमकते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. बिघाड त्या वेळी दिसतच नाही, हाच खरा धोका आहे. ॲक्रिलिक कापताना, भोकं पाडताना, वाकवून बसवताना त्याच्या आत ताण अडकून राहतो. थिनर, पेट्रोल, ॲसिटोन, स्पिरिट नेमकं त्या ताणलेल्या जागी शिरतं. मग कधी लगेच, कधी बऱ्याच दिवसांनी, स्क्रूच्या भोवती आणि वाकलेल्या कडेला बारीक चिरांचं जाळं उमटतं. 2020 मध्ये दुकानांच्या काउंटरवर ॲक्रिलिकचे आडपडदे लागले आणि त्यांच्यावर रोज सॅनिटायझर मारलं गेलं. त्यांतल्या कितीतरी पडद्यांच्या कडा अशाच गेल्या, कारण सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असतं. अमोनियावाला काचेचा क्लीनरही ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट दोन्हींना वर्ज्य.

ओरखडा आणि चीर यांतला फरक हाताला बसवून घ्या. ओरखड्यात नख अडकतं. अशी चीर बोटाला जाणवत नाही, पण काच तिरकी धरली की आतून चकाकते. ओरखडा घासून जातो. चीर जात नाही, उलट बफिंगच्या उष्णतेने वाढते. काम घेण्याआधी काच उन्हाकडे तिरकी धरून बघा आणि दिसल्या तेवढ्या चिरा गिऱ्हाइकालाही दाखवा. हे केलं नाहीत तर दुसऱ्याने घातलेली चीर तुमच्या नावावर लागेल.

धुण्यात मोठं काही नाही. भरपूर पाणी, सौम्य साबण, हाताचा तळवा. कोरडं फडकं कधीच फिरवायचं नाही, कारण माळव्याची धूळ सँडपेपरइतकीच घासते. बोअरिंगचं पाणी काचेवर वाळू देऊ नका, क्षारांचे पांढरे ठिपके उठतात.

पिवळ्या हेडलाइटला वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा सँडपेपर, 800 नंबरपासून, मग 1000, 1500, 2000, शेवटी 3000. दर वेळी आधीच्या रेघांना आडवं घासायचं आणि मध्ये धुवायचं. 800 नंतर काच दुधासारखी पांढरी होते. घाबरू नका, तशीच व्हायला हवी. बफ हळू फिरवा. ॲक्रिलिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं. तळवा ठेवून बघा, चटका बसला तर थांबा.

टूथपेस्टने चमक येते, टिकत नाही. वाफेचा कप, म्हणजे कपात रसायन तापवून त्याची वाफ काचेवर सोडायची पद्धत, मात्र मला मुळीच मान्य नाही, कोणी कितीही मोठा उस्ताद शिकवत असला तरी. त्यात बहुधा डायक्लोरोमिथेन असतं. ते वरचा थर विरघळवून गुळगुळीत करतं, आत ताण सोडून जातं, आणि त्याची वाफ बंद गाळ्यात जिवावर बेतू शकते. पाच मिनिटांत हेडलाइट नवा करून दाखवणाऱ्याकडे शिकू नका. शिकायचंच तर हूड शिवणाऱ्या जुन्या कारागिराजवळ बसा. शीट कुठे ताणली जाते, ते त्याला ठाऊक असतं.

शेवटचं काम कोटिंगचं. घासताना हेडलाइटवरचा ऊन अडवणारा थर निघून जातो, तो परत दिला नाही तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी पडते. मे महिन्यात उन्हातून आलेल्या गाडीवर लगेच मारू नका, काच सावलीत गार होऊ द्या. आणि टू-के क्लिअरच्या, म्हणजे दोन भाग मिसळून मारायच्या पारदर्शक कोटिंगच्या, हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुफ्फुसांना घातक रसायन असतं, कापडी मास्कने ते अडत नाही. फिल्टरवाला मास्क महाग वाटेल, पण पहिल्या कमाईतून आधी तोच घ्या.