ऊर्जेवरची व्याख्यानमाला कशी ऐकावी

विद्यापीठांत ऊर्जेच्या प्रश्नांवर पाहुण्या वक्त्यांच्या व्याख्यानमाला होतात, आणि त्यांतल्या पुष्कळ सगळ्यांना खुल्या असतात. एका आठवड्यात अणुभट्टीचा अभियंता, पुढच्या आठवड्यात अर्थशास्त्रज्ञ, मग बॅटऱ्यांवर संशोधन करणारी कोणी. बाहेरचा श्रोता पहिल्या व्याख्यानाला हौसेने जातो, दुसऱ्यात मेगावॅट आणि गिगावॅट-तासांच्या गर्दीत हरवतो आणि तिसऱ्याला घरीच बसतो. खरे तर थोडी तयारी केली असती तर निभावले असते. ती एका संध्याकाळीही होते.

पायरी १ : आधी मोजमापे पक्की करा

ही पायरी गाळून पुढे जाऊ नका. किलोवॅट आणि किलोवॅट-तास यांतला फरक ज्याला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो, त्याचे निम्मे काम झाले. नळाची धार किती जोरात पडते ते किलोवॅट. बादलीत किती पाणी जमले ते किलोवॅट-तास. १ किलोवॅटचा हीटर तासभर चालला की १ किलोवॅट-तास वीज लागली. वीजबिलातले ‘युनिट’ म्हणतात ते हेच. त्यापुढची शिडी हजाराच्या पटीने चढते : किलो, मेगा, गिगा, टेरा. इंधनाबद्दल बोलणारे वक्ते ज्यूल किंवा ‘टन तेलाइतकी ऊर्जा’ असे माप वापरतात. १ युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल, आणि तेलाचा तो ठरावीक टन म्हणजे ११,६३० युनिट. एवढे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, माला संपेपर्यंत उपयोगी पडतील.

पायरी २ : क्षमता ऐकली की उत्पादन विचारा

‘हजार मेगावॅटचा प्रकल्प’ हे शब्द ऐकून सभागृह भारावते. पण हजार मेगावॅट ही नळाची सगळ्यात मोठी धार झाली. वर्षातले ८,७६० तास ती तशी वाहते का? सौर प्रकल्पात रात्र येते, ढग येतात. तो त्याच्या क्षमतेच्या साधारण १५ ते २५ टक्के वीज देतो. नीट चालणारी अणुभट्टी ९० टक्क्यांच्या आसपास जाते. कागदावर गुणाकार करून पाहा. २० टक्के धरले तर हजार मेगावॅटच्या सौर प्रकल्पातून वर्षाला सुमारे १७५ कोटी युनिट मिळतात; तेवढ्याच क्षमतेच्या अणुभट्टीतून ९० टक्क्यांनी सुमारे ७८८ कोटी. यावरून कोण चांगला हे ठरत नाही, कारण सौर प्रकल्प झटपट उभा राहतो आणि भट्टीला वर्षानुवर्षे लागतात. पण दोन्ही प्रकल्पांना ‘हजार मेगावॅट’ एवढेच म्हणून पुढे जाणाऱ्या वक्त्याला थांबवायला हा गुणाकार पुरतो.

पायरी ३ : वीज म्हणजे ऊर्जा नव्हे

हा घोळ जाणकारही बोलण्याच्या ओघात करतात. जगात शेवटी वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेत विजेचा वाटा साधारण पाचवा हिस्सा. उरलेली ऊर्जा गाड्यांच्या टाकीत, कारखान्यांच्या भट्ट्यांत, घरे तापवण्यात थेट इंधन म्हणून जळते. त्यामुळे ‘अमुक देश निम्मा सौर झाला’ असे ऐकले की विचारायचे, कशाचा निम्मा? विजेचा की एकूण ऊर्जेचा?

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. पेट्रोलच्या गाडीत इंधनातल्या ऊर्जेचा जेमतेम पाव भाग चाकांपर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होऊन उडून जाते. उष्णता-पंप मात्र १ युनिट वीज घेऊन बाहेरच्या हवेतली उष्णता खेचतो आणि घरात ३ युनिटांच्या आसपास ऊब देतो. म्हणून ‘आज जळणारे सगळे इंधन तितक्याच विजेने भरून काढावे लागेल’ हे गणितही चुकते. लागणारी वीज त्याहून बरीच कमी असते. आणि काही धूर इंधन बदलून जात नाही. सिमेंटसाठी चुनखडी भाजली की दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, मग भट्टी कशावरही चालवा.

पायरी ४ : वक्त्याचा पत्ता काढा

व्याख्यानाआधी गोषवारा वाचा आणि वक्ता रोज कोणते काम करतो ते पाहा. त्याला पैसा कोण पुरवतो हेही. संशयाने पाहायची गरज नाही. माणूस ज्या खिडकीत बसतो तिथूनच त्याला रस्ता दिसतो, एवढेच.

पायरी ५ : भाकिते वेगळ्या पानावर लिहा

ऊर्जेवर बोलणाऱ्याला भविष्य सांगितल्यावाचून राहवत नाही. १९५४ मध्ये अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष लुईस स्ट्रॉस विज्ञानलेखकांपुढे म्हणाले की आपल्या मुलांना मीटर लावायचीही गरज पडणार नाही इतकी स्वस्त वीज मिळेल. मीटर अजून फिरताहेत. दोनच वर्षांनी, १९५६ मध्ये, भूवैज्ञानिक किंग हबर्ट यांनी तेल व्यवसायातल्या लोकांसमोर मांडले की अमेरिकेचे तेल उत्पादन १९६५ ते १९७० च्या सुमारास शिखर गाठून उतरेल. अनेकांनी नाके मुरडली, आणि १९७० मध्ये ते खरेच उतरणीला लागले. मग हबर्ट बरोबर ठरले का? पुढची काही दशके हो. त्यानंतर शेल नावाच्या घट्ट खडकांतून तेल काढायची रीत पसरली आणि २०१८ मध्ये अमेरिकेने १९७० चा आकडा मागे टाकला. त्यांच्या गणितात जमिनीतून एकूण किती तेल निघू शकेल हा आकडा गृहीत धरलेला होता, आणि तंत्राने तोच हलवला.

भाकितासमोर म्हणूनच त्याचे गृहीतक लिहायचे. वक्त्याने ते सांगितले नसेल तर तो तुमचा प्रश्न.

पायरी ६ : प्रश्न विचारा, भाषण करू नका

हात वर करून तीन मिनिटे स्वतःचे मत ऐकवणारा गृहस्थ प्रत्येक सभागृहात असतो. तो तुम्ही होऊ नका. एका दमात संपेल असा प्रश्न आधी कागदावर लिहा. प्रति युनिट खर्चाचा तक्ता दाखवला असेल तर : यात साठवणुकीचा आणि वीजवाहिन्यांचा खर्च धरला आहे का? साठवणूक म्हटले की : शंभर युनिट आत घातली तर किती परत मिळतात? लिथियम-आयन बॅटरीत साधारण ८५ ते ९०. विजेपासून हायड्रोजन करून पुन्हा वीज केली तर तीस-चाळीसच. तरी हायड्रोजनची बाजू घेणारे आहेत, कारण तो महिनोनमहिने साठवता येतो आणि बॅटरी त्या कामी महाग पडते. हे उत्तर वक्त्याच्या तोंडून येऊ द्या, त्यात तो कुठे अडखळतो ते पाहण्यासारखे असते.

माझा आवडता प्रश्न मात्र साधा आहे : कोणती गोष्ट घडली तर तुम्ही तुमचे मत बदलाल? चांगला वक्ता क्षणभर गप्प होतो आणि मग काहीतरी ठोस सांगतो. प्रश्नोत्तरांत संधी हुकली तर व्यासपीठाजवळ जा. माइक बंद झाल्यावर माणसे मोकळी बोलतात.

पायरी ७ : वक्त्यांना एकमेकांसमोर उभे करा

मालेचा खरा फायदा इथे. सुट्या व्याख्यानाला हे जमत नाही. तिसऱ्या आठवड्यात कोणी म्हणेल सौर वीज सगळ्यांत स्वस्त, पाचव्यात कोणी म्हणेल ती महाग पडते, आणि दोघांचे आकडे खरे निघतील : पहिल्याने दुपारी बारा वाजता फलकांतून निघणारे युनिट मोजले, दुसऱ्याने संध्याकाळी सातला घरात हवे असणारे. वहीत असे विसंवाद दिसले की बाण काढून जोडा. घरी आल्यावर त्याच रात्री दहा मिनिटे द्या, सकाळपर्यंत एकके पुसट होतात. शेवटच्या व्याख्यानाला बहुधा चर्चासत्र असते आणि आधीचे काही वक्ते परत येतात. त्या दिवशी बाणांचे पान सोबत न्या आणि पुढच्या रांगेत बसा.