नाताळचे झाड वाढायला किती वर्षे लागतात? लागवड करताना या चुका टाळा

लागवड करून दोन-तीन वर्षे झाली तरी झाडे गुडघ्याएवढीच राहिली आहेत, ही नाताळच्या झाडांबाबत सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार आहे. बहुतेक वेळा झाडांत काही दोष नसतो. चुकलेला असतो तो आपला हिशेब. सहा ते सात फुटांचे झाड तयार व्हायला शेतात साधारणपणे सात ते दहा वर्षे लागतात आणि त्याआधी रोपवाटिकेत गेलेली दोन ते चार वर्षे या आकड्यात बहुधा धरलेली नसतात.

दुसरी चूक सर्व जातींना एकच मुदत लावण्याची. उष्ण, दमट हवेत वाढवला जाणारा लेलँड सायप्रस चार-पाच वर्षांत तोडणीला येतो, तर स्कॉट्स पाइन आणि नॉर्वे स्प्रूस यांना सहा ते आठ वर्षे लागतात. अमेरिकेच्या अ‍ॅपलाचियन पर्वतरांगेतला फ्रेझर फर आणि कॉकेशसमधून युरोपभर पसरलेला नॉर्डमन फर हे मात्र सावकाश वाढणारे आहेत, आणि सुयांसारखी पाने न गळण्याच्या गुणामुळे ज्यांना मागणी असते तेही हेच. तेव्हा फर लावून सायप्रसच्या वेगाची अपेक्षा धरू नये.

वाढ खरोखरच खुंटली आहे की नाही, हे झाडावरूनच कळते. फर, स्प्रूस आणि पाइन यांच्या शेंड्याशी दरवर्षी फांद्यांचे एक नवे वलय फुटते, त्यामुळे दोन वलयांमधले अंतर मोजले की त्या वर्षीची वाढ समजते. लागवडीनंतरची दोन-तीन वर्षे हे अंतर जेमतेम काही सेंटिमीटर असले तरी काळजीचे कारण नाही, कारण त्या काळात झाड मुळे पसरवत असते. त्यानंतर मात्र ते वर्षाला तीस सेंटिमीटरच्या आसपास जायला हवे, आणि चौथ्या-पाचव्या वर्षीही वलये एकमेकांना चिकटूनच येत असतील, तर कारण जमिनीखाली शोधावे लागते.

तिथे बहुधा लागवडीच्या दिवशीच झालेली चूक सापडते. खड्डा उथळ काढून रोप घाईने आत दाबले की मुळांची टोके वर वळतात, आणि अशी दुमडलेली मुळे पुढे कधीही सरळ होत नाहीत. संशय असल्यास सर्वात मागे पडलेले एक रोप उपटून पाहावे. एका रोपाचे नुकसान सोसून बाकीच्यांविषयी खात्री करून घेणे केव्हाही चांगले. रोप रोपवाटिकेत जितके खोल होते तितकेच खोल लावावे. वाढीला वेग यावा म्हणून लागवडीच्या खड्ड्यात रासायनिक खत टाकणे हीदेखील घातक घाई आहे, कारण त्याने कोवळी मुळे करपतात आणि जोमाने वाढते ते भोवतालचे तण. पहिली वर्षे रोपाला खतापेक्षा तणापासून मोकळी जागा आणि वेळेवर ओल यांची गरज अधिक असते.

छाटणीतील चूक सर्वात महाग पडते, कारण ती भरून यायला एक-दोन वर्षे जातात. पाइनच्या नव्या फुटव्यावर कळ्या फक्त टोकाशी असतात. फुटवा कोवळा, बोटाने सहज वाकणारा असताना, म्हणजे उन्हाळ्याच्या सुरुवातीला कापला, तरच कापलेल्या जागी नव्या कळ्या धरतात. तोच फुटवा कडक झाल्यावर कापला तर मागे नुसता खुंट उरतो. फर आणि स्प्रूस यांच्या फुटव्यावर मात्र मध्ये-मध्येही कळ्या असतात, म्हणून त्यांची छाटणी वाढ थांबल्यावर, पुढच्या वसंतापूर्वी केव्हाही करता येते. मधला शेंडा पंचवीस ते पस्तीस सेंटिमीटर ठेवावा. तो लांबच लांब वाढू दिला तर झाड लवकर उंच दिसते खरे, पण वलयांमध्ये मोठ्या पोकळ्या राहतात आणि असे विरळ झाड कोणी घेत नाही. दोन शेंडे फुटले असतील, तर कमजोर शेंडा लगेच काढावा.

फरच्या बाबतीत पाण्याचा निचरा न तपासणे ही अक्षम्य चूक म्हणावी लागेल. पाणी साचणाऱ्या जमिनीत फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूमुळे मुळकूज होते आणि फ्रेझर फर तिला फार लवकर बळी पडतो. एखादी फांदी किंवा झाडाची एक बाजू पिवळी पडून पुढे तांबूस झाली, की बुंध्याशी, जमिनीलगत, नखाने साल खरवडून पाहावी. आत पांढरट, ओलसर लाकूड दिसले तर ठीक. ते दालचिनीच्या रंगाचे असेल तर झाड वाचत नाही. अशा जागी पुन्हा फर लावू नये.

थंड हवा जिथे साचते अशा सखल जागाही टाळाव्यात, कारण वसंतातल्या उशिराच्या गोठलेल्या दहिवराने नुकतेच फुटलेले कोंब करपतात आणि त्या वर्षीची वाढ जवळजवळ वाया जाते.

शेवटची चूक नियोजनातली आहे. सगळी जमीन एकाच वर्षी लावली, तर आठ-दहा वर्षे काहीच हाती येत नाही आणि मग सर्व झाडे एकदमच तोडणीला येतात. म्हणून जमिनीचे भाग पाडून दरवर्षी एका भागात लागवड करावी, आणि तोडणी झालेल्या जागेत पुढच्या हंगामात नवी रोपे लावण्यासाठी रोपवाटिकेत एक-दोन वर्षे आधीच मागणी नोंदवून ठेवावी.