पाळीच्या कळांवर सुंठ आणि बडीशेप: किती, कशी आणि कधी

पाळीच्या तोंडावर गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं वाढतात. त्यांनी स्नायू आवळतो, रक्तपुरवठा दबतो आणि कळ येते. आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी ही द्रव्यं तयार होऊ देत नाही; आल्यातले घटकही काही अंशी तेच करतात. म्हणूनच वेळ महत्त्वाची: ही द्रव्यं वाढण्याआधीच सुरुवात हवी. कळवळायला लागल्यावर एक कप काढा प्यायचा आणि उपयोग नाही म्हणून सोडून द्यायचा, ही नेहमीची चूक.

सगळ्यांत भरवशाची सुंठ. चाचण्यांमध्ये दिवसाला साधारण ७५० ते २००० मिलिग्रॅम पूड वापरली गेली. ५ मिलीच्या चमच्याने सपाट पाव चमचा म्हणजे अंदाजे अर्धा ग्रॅम. तेवढी पूड कोमट पाण्यात ढवळून दिवसातून तीनदा, जेवणानंतर घ्यावी. पाळी ठरल्या दिवशी येत असेल तर दोन दिवस आधी सुरुवात करून पाळीच्या तिसऱ्या दिवसापर्यंत चालू ठेवावी. पूड तळाशी बसते, तो गाळ टाकू नये. औषध त्यातच असतं. रिकाम्या पोटी घेतली तर छातीत जळजळ होते. ओलं आलंही चालतं, पण त्यात बहुतांश पाणीच असल्याने प्रमाणाचा नेमका अंदाज येत नाही.

बडीशेपेचा उपयोग पेटके सैल करायला. एक चमचा, म्हणजे सुमारे २ ग्रॅम दाणे ऐनवेळी खलबत्त्यात भरड कुटावेत, २५० मिली उकळत्या पाण्यात टाकून झाकण ठेवावं आणि १५ मिनिटांनी गाळावं. दिवसातून तीन कप. झाकण विसरलात की सुगंधी तेल वाफेबरोबर जातं आणि कपात उरतं ते नुसतं पिवळट पाणी. आधीच कुटून ठेवलेल्या पुडीचंही तसंच. बाटलीतलं बडीशेपेचं तेल मात्र पिऊ नये, ते फार तीव्र असतं.

दालचिनीने काहींना आराम पडतो, पण जाड सालीच्या कॅसिया जातीत कूमारिन नावाचं द्रव्य जास्त असतं. ते यकृताला बाधू शकतं, त्यामुळे रोजच्या वापराला पातळ सालीची सिलोन दालचिनी बरी.

यांवरचे बहुतेक अभ्यास लहान आहेत, त्यामुळे वेदना पूर्ण थांबेल असं समजू नये. ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी सोबत ठेवावी. वेदनाशामक गोळी लागली तर जरूर घ्यावी. काढा घेतलाय म्हणून दुखणं अंगावर काढण्यात काही अर्थ नाही.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा पित्ताशयात खडे असतील, तर सुंठ डॉक्टरांना विचारूनच. पाळी चुकली असून पोटात दुखत असेल तर काढा नको. आधी गर्भधारणेची चाचणी आणि डॉक्टर. पूर्वी न दुखणारी पाळी अचानक दुखू लागली, पाळी नसतानाही किंवा संबंधावेळी दुखलं, ताप आला किंवा तासाला एक पॅड भिजू लागला, तर तपासणी लांबवू नये. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं) किंवा फायब्रॉइड (गर्भाशयातल्या गाठी) सुंठीने बरे होत नाहीत.