अप्रूव्हड वेंडर होण्यासाठी फी मागतात? पैसे भरण्याआधी हे करा

गोव्यातल्या वेर्णा, कुंडई किंवा तुये औद्योगिक वसाहतीत एसी दुरुस्ती, वायरिंग, रंगकाम, वॉटरप्रूफिंग अशी कामं स्वतःच्या नावावर घेणाऱ्या ठेकेदाराला हल्ली दराच्या आधी एक प्रश्न विचारला जातो: "आमच्या वेंडर लिस्टवर आहात का?" ही लिस्ट म्हणजे कंपनीने आधीच मंजूर केलेल्या ठेकेदारांची यादी. तिच्यावर यायचं तर फॉर्म, कागदपत्रं आणि बऱ्याचदा पैसे. कधी कंपनी स्वतः नोंदणी फी घेते, कधी तपासणीचं काम एखाद्या एजन्सीला दिलेलं असतं. आयएसनेटवर्ल्ड, अव्हेटा यांसारख्या आंतरराष्ट्रीय सेवा ठेकेदारांचे विमा आणि सुरक्षिततेचे कागद तपासतात आणि त्यासाठी ठेकेदाराकडूनच वर्गणी घेतात. तपासणी हवी असते काम देणाऱ्याला आणि खर्च पडतो दोन हेल्पर घेऊन फिरणाऱ्या माणसावर, हे मला अन्यायाचं वाटतं. पण ते काम हवं असेल तर पैसे कुठे, कधी आणि कुठल्या अटीवर भरायचे, एवढं तरी आपल्या हातात ठेवता येतं.

सगळ्यात आधी मागितलेली रक्कम नेमकी कसली आहे ते विचारून घ्या. नोंदणी फी किंवा वार्षिक वर्गणी परत मिळत नाही. निविदेसोबत भरायची बयाणा रक्कम, म्हणजे ईएमडी, काम न मिळाल्यास परत मिळते. सुरक्षा ठेव काम मिळाल्यावर द्यायची असते आणि ती हमीचा काळ संपला की सुटते. या तिन्हींना तोंडी बोलताना सरसकट "डिपॉझिट" म्हटलं जातं आणि गोंधळ तिथेच होतो. म्हणून उत्तर ईमेलवर घ्या.

यानंतर फुकट मिळणाऱ्या गोष्टी पदरात पाडून घ्या. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीची (एमएसएमई) सरकारी उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि ती पूर्णपणे मोफत आहे. आधार आणि पॅन असलं की ती सरकारी संकेतस्थळावर स्वतः करता येते. सरकारीसारखी दिसणारी खासगी संकेतस्थळं त्यासाठी पैसे उकळतात, तिकडे फिरकू नका. जीएसटी नोंदणीलाही सरकारी फी नाही. फक्त सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे ती सक्तीचीही नसते. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर विक्रेत्याचं खातं उघडायला पैसे पडत नाहीत. केंद्र सरकारची खाती आणि सार्वजनिक उपक्रम २०१२ च्या खरेदी धोरणानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांना निविदा कागद मोफत देतात आणि ईएमडी माफ करतात. ही सवलत माल आणि सेवांसाठी आहे, बांधकामाच्या कंत्राटांना ती धरून चालू नका. अडलात तर पणजीच्या उद्योग भवनात उद्योग संचालनालयात जाऊन विचारा. एजंटाला हजार रुपये देण्यापेक्षा ती फेरी परवडते.

आता खातरजमा. इथे घाई करू नका, कारण फसवणूक नेमकी इथेच होते. नामांकित कंपनीच्या लेटरहेडवर पत्र येतं: "आपली वेंडर म्हणून निवड झाली आहे, ४८ तासांत परतावायोग्य नोंदणी ठेव भरा." खाली गोल शिक्का, सही, मोबाइल नंबर. ईमेलचा पत्ता मात्र कंपनीच्या डोमेनचा नसून फुकटच्या मेल सेवेचा असतो, किंवा डोमेनमध्ये एखादं अक्षर जास्त असतं. क्यूआर कोड स्कॅन केला की स्क्रीनवर कंपनीऐवजी कुणा व्यक्तीचं नाव दिसतं. तिथेच थांबा. पत्रातल्या नंबरवर फोन न करता कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरचा नंबर शोधा आणि पर्चेस डिपार्टमेंट मागा. कारखाना वेर्ण्यातच असेल तर सरळ गेटवर जाऊन विचारा. एवढं अंतर जवळ असणं हा गोव्यात काम करणाऱ्याचा मोठा फायदा आहे. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

मागणी खरी निघाली तरी लगेच भरू नका, आधी वहीत हिशेब मांडा. धरूया, वार्षिक फी १२,००० रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की १४,१६०. सगळा खर्च जाऊन तुमच्या हातात कामाच्या दहा टक्के उरत असतील, तर नुसती फी भरून निघायला त्या कंपनीकडून वर्षाला १,४१,६०० रुपयांचं काम यायला हवं. जीएसटी नोंदणी असेल आणि तुम्ही नेहमीच्या पद्धतीने कर भरत असाल (ठोक दराच्या कंपोझिशन योजनेत नसाल) तर त्यातल्या २,१६० रुपयांच्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे तुमच्या करातून वजावट, मिळू शकतं, पण त्यासाठी तुमचा जीएसटी क्रमांक टाकलेलं बिल घ्यावं लागतं. बिल द्यायलाच तयार नसतील तर पैसेही देऊ नका.

फी कधी भरायची हेही पाहा. आपल्याकडे हॉटेलं बरीचशी डागडुजी पर्यटकांचा हंगाम ओसरल्यावर काढतात आणि ऑक्टोबरच्या आत संपवतात. वॉटरप्रूफिंग तर पावसाआधीच व्हायला हवं. नोव्हेंबरात भरलेल्या वर्गणीचे सुरुवातीचे चार-पाच महिने अशा ठेकेदाराला कोरडे जाण्याचीच शक्यता जास्त. मुदत भरल्याच्या तारखेपासून मोजतात की ३१ मार्चला संपते, हे विचारायला विसरू नका. ३१ मार्चला संपत असेल तर जानेवारीत भरून हातात तीनच महिने येतात.

मग पर्चेस अधिकाऱ्याला लेखी विचारा. संकोच करण्याचं कारण नाही, मोठे ठेकेदारही हे विचारतात. मजकूर असा चालेल:

"नमस्कार सर, वेंडर नोंदणीसाठी आपण सुचवलेल्या एजन्सीने वार्षिक फी मागितली आहे. कृपया कळवावे: १) आमच्या प्रकारच्या कामाची गेल्या वर्षी अंदाजे किती रकमेची कामं निघाली? २) नोंदणीनंतर आम्हाला दरपत्रकासाठी बोलावलं जाईल का? ३) ही फी पहिल्या वर्क ऑर्डरच्या बिलात समायोजित करता येईल का?"

तिसऱ्या प्रश्नाला होकार येईलच असं नाही. नकार आला तर फीचा भार तुमच्या दरात धरा. पण दुसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तरच मिळालं नाही, तर माझा सल्ला ठाम आहे: थांबा. नाव लिस्टवर चढलं म्हणजे काम मिळालं असं होत नाही. काम वर्क ऑर्डरने, म्हणजे कामाच्या लेखी आदेशाने मिळतं.

भरायचं ठरलं तर कागद आधी जुळवा, म्हणजे अपूर्ण अर्जामुळे फी अडकून पडणार नाही. पॅन, उद्यम प्रमाणपत्र, रद्द केलेला चेक, आयकर विवरणपत्रं आणि जुन्या कामांची पूर्तता प्रमाणपत्रं एका फोल्डरमध्ये ठेवा. वायरिंगवाल्यांना विद्युत ठेकेदार परवाना लागेल. तुमच्या कामगारांना ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू नसेल तर कामगार भरपाई विम्याची पॉलिसी चालेल का, ते विचारा. सगळ्या कागदांवरचं नाव बँक खात्याशी तंतोतंत जुळलं पाहिजे. पैसे फक्त कंपनीच्या किंवा एजन्सीच्या चालू खात्यात, बँकेमार्फत. रोख नको.

नोंदणी झाली की वेंडर कोड, म्हणजे लिस्टवरचा तुमचा क्रमांक, लेखी मागून घ्या आणि प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा. एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाने पुरवलेल्या माल-सेवेचे पैसे, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर ही मुदत १५ दिवसांची. उशीर झाल्यास व्याज लागतं आणि एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर दाद मागता येते. उद्यम क्रमांक बिलावर असेल तर हा हक्क सांगणं सोपं जातं.

वर्गणी संपण्याच्या महिनाभर आधी पाहा, वर्षभरात किती चौकशा आल्या, किती वर्क ऑर्डर निघाल्या. चौकशीच आली नसेल तर नूतनीकरण करू नका, आणि फी ऑटो-पेवर असेल तर बँकेच्या ॲपमधून ती परवानगी आधीच रद्द करा.