लॅब्रॅडॉर (लॅब) किंवा जर्मन शेफर्डचं पिल्लू वाढवताय? व्यायामातल्या या चुका टाळा

चार महिन्यांच्या लॅबने सोफ्याचा कोपरा कुरतडला, चपला पळवल्या, की सल्ला ठरलेला: "फिरवत नाही वाटतं नीट? दमव त्याला, गप झोपेल." बहुतेक चुकांचं मूळ या "दमव त्याला"मध्ये आहे. खरं तर या वयाचं पिल्लू दिवसाचे १८-२० तास झोपतं, आणि झोप कमी पडली की लहान मुलासारखंच जास्त धिंगाणा घालतं.

मोठ्या जातीचं पिल्लू सहा महिन्यांत अंगाने थोराड दिसायला लागतं, पण हाडांची लांबी जिथून वाढते त्या टोकाकडच्या पट्ट्या तेव्हा कूर्चेच्याच असतात. लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर यांच्यात त्या साधारण १२ ते १८ महिन्यांत बंद होतात. ग्रेट डेन, सेंट बर्नार्डला त्याहून वेळ लागतो. तोवर या जागा आजूबाजूच्या स्नायुबंधांपेक्षाही नाजूक. मोठ्या कुत्र्याचा पाय जिथे नुसता मुरगळेल, तिथे पिल्लाच्या हाडाची वाढ वाकडी होऊ शकते.

म्हणून त्याला गॅलरीत बांधून ठेवायचं का? अजिबात नाही. पिल्लू स्वतःच्या मर्जीने पळतं, लोळतं, थांबतं, ते त्याच्या अंगाला सोसतं. त्रास होतो तो आपण ठरवलेल्या वेगाचा आणि आपण ठरवलेल्या अंतराचा.

स्कूटरला पट्टा बांधून पळवणं

सकाळी कुठल्याही रिंगरोडवर दिसणारं दृश्य. मालक सीटवर, मागे जीभ काढून धावणारं आठ महिन्यांचं शेफर्ड. "बघा, कसं मजेत पळतंय!" मजेत नव्हे, दुसरा इलाजच नसतो त्याला. पाय दुखला तरी ते मालकामागे धावणारच. जॉगिंगला सोबत नेणं हाही त्यातलाच प्रकार, फक्त वेग कमी. डांबरावर एकाच लयीतलं धावणं वाढ पूर्ण होईपर्यंत नको. स्कूटर तर नंतरही नकोच.

वयाच्या दर महिन्यामागे पाच मिनिटं, हा हिशेब तुम्ही ऐकला असेल. त्यामागे ठोस संशोधन नाही, पण पट्ट्याला धरून चालवण्यापुरता तो अंदाज बरा आहे: चार महिन्यांच्या पिल्लाला एका वेळी वीस मिनिटं, दिवसातून दोनदा. मैदानात मोकळं सोडल्यावर मात्र घड्याळ लावून बसू नका. ते मागे रेंगाळलं, मधेच फतकल मारून बसलं, तर ओढू नका. तुम्हीही थांबा.

रोजचा जिना

नॉर्वेतल्या संशोधकांनी न्यूफाउंडलंड, लॅब्रॅडॉर, लिओनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या चार जातींची पिल्लं जन्मापासून पाहिली. २०१२ मध्ये आलेले त्यांचे निष्कर्ष असे: पहिल्या तीन महिन्यांत रोज जिना चढ-उतार करणाऱ्या पिल्लांमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष, म्हणजे हिप डिस्प्लेशिया, जास्त आढळला. मऊ, थोड्या उंचसखल जमिनीवर मोकळं हुंदडणाऱ्यांमध्ये तो कमी होता. अनुवंशाचा वाटा मोठा आहेच, पण माळ आणि जिना यांतलं काय निवडायचं ते आपल्या हातात असतं.

तिसऱ्या मजल्यावर राहता आणि लिफ्ट नाही? मग पहिले तीन-चार महिने उचलून न्या, एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. नंतर वजन झेपेनासं होतं, तेव्हा आखूड पट्ट्याने, एकेक पायरी, आणि उतरताना जास्त सावकाश. लिफ्ट असूनही सोसायटीचे सेक्रेटरी कुत्र्याला मनाई करत असतील, तर त्यांना भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवा. पाळीव प्राण्यांना लिफ्ट बंद करता येत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय.

घरातली फरशी

फिरवण्याचा हिशेब सगळे ठेवतात, फरशीकडे कुणाचं लक्ष नसतं. दारावरची बेल वाजते. पिल्लू झोपेतून उठून सुसाट निघतं. पुढचे पाय दाराशी वळतात, मागचे दोन्ही बाजूंना फाकत जातात आणि ते ढुंगणावर घसरत चपलांच्या रॅकवर आदळतं. घरचे हसतात, कुणी तरी रील काढतं. दिवसातून दहा वेळा हेच चाललं, तर सैल खुब्यावर तितक्याच वेळा ताण.

दार, पाण्याचं भांडं आणि त्याची झोपायची जागा यांना जोडणाऱ्या वाटेवर रबरी मॅट टाका. जुनी सतरंजीही चालेल, पण खालून घसरणारी नको. नखं वाढली की चालताना फरशीवर टकटक वाजतं. आवाज आला की नखं कापा. पंजाच्या गाद्यांमधले केसही कापा, गोल्डनचे तर नक्कीच.

उड्यांचंही तेच. फ्रिस्बीसाठी हवेत झेप, गाडीच्या डिकीतून उडी, पलंगावरून धप्पकन खाली, हे सगळं वर्ष-दीड वर्ष टाळा. चेंडू उंच न फेकता जमिनीवरून घरंगळत सोडा. जेवण झाल्या झाल्या पळापळ नको, आणि ग्रेट डेनसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांना तर नकोच. मार्च ते जूनमध्ये, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, ऊन चढायच्या आत फिरणं उरका. तळहाताची मागची बाजू डांबरावर पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल, तर त्याचे पंजेही पोळणार.

कॅल्शियमची बाटली

व्यायामाच्या लेखात हे कशाला, असं वाटेल. पण व्यायाम सोसायचा तो हाडांनी, आणि आपल्याकडे पिल्लाबरोबर कॅल्शियमचं सिरप घरात येतंच. "मोठी जात आहे, हाडं मजबूत हवीत." लहान वयात जादा कॅल्शियम शोषून न घेण्याची सोय पिल्लाच्या आतड्यात नसते. जेवढं द्याल त्यातलं बरंच आत जातं. नेदरलँड्समध्ये ग्रेट डेनच्या पिल्लांवर झालेल्या प्रयोगांत जादा कॅल्शियमने सांगाड्याची वाढ बिघडलेली दिसली. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं तयार खाणं चालू असेल, तर वरून काहीही नको. नुसता भात-चिकन किंवा दूध-पोळी देत असाल तर कमतरता होऊ शकते, पण किती द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, दुकानदार नाही.

आणि गुबगुबीतपणाचं कौतुक आवरा. पुरिना या कुत्र्यांचं खाणं बनवणाऱ्या कंपनीच्या अभ्यासात ४८ लॅब्रॅडॉर जन्मभर पाहिले गेले. जोडीतल्या भावंडापेक्षा २५ टक्के कमी खाणारे सरासरी जवळपास दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचे खुबेही उशिरा झिजले. फासळ्या हाताला सहज लागल्या पाहिजेत.

लंगडायला लागलं तर

आधी चालणं बंद, फक्त शी-शूपुरतं खाली. पाय टेकतच नसेल, सूज असेल किंवा ताप वाटत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. हलकं लंगडणं एक-दोन दिवसांत गेलं नाही, तरीही जा. आज पुढचा डावा, पुढच्या आठवड्यात मागचा उजवा असं पाय बदलत लंगडणं शेफर्डमध्ये बरेचदा पॅनोस्टिआयटिसमुळे असतं. ते वाढीच्या वयातलं दुखणं असून बहुधा आपोआप बरं होतं, पण ते तेच आहे हे तपासणीनंतरच कळतं. पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकत्र उचलणं, उठताना वेळ लागणं, या गोष्टी दिसल्या तर खुब्याचा एक्स-रे काढून घ्या.

घरातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी अर्धी मोडूनही देऊ नका. पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. दवाखान्यात शिरल्यावर घाबरलेलं कुत्रं बऱ्याचदा सरळ चालतं, म्हणून निघण्याआधीच मोबाईलवर त्याच्या चालीचा व्हिडिओ घ्या, एकदा बाजूने, एकदा मागून.