नव्या हॉस्पिटलच्या पाण्याबाबत या चुका टाळा

इमारत नवी म्हणजे पाणी चांगलंच असणार, असं आपण धरून चालतो. सोलापुरात एका हॉस्पिटलच्या कामावर मीही तेच धरलं होतं. फेब्रुवारीत पाइपांची प्रेशर टेस्ट (दाबाने पाणी भरून गळती बघणं) घेतली, तीही बोअरच्या पाण्यावर. मग उद्घाटनाला पाहुण्यांची तारीख मिळेना. जून उजाडला, नळ सोडला तर पिवळट पाणी आणि कुबट वास. अख्खा उन्हाळा ते पाणी पाइपात कोंडलेलं होतं. चूक आमचीच.

न्यूमोनिया करणारा लेजिओनेला जंतू साधारण 25 ते 45 अंशांत वाढतो. आपल्या गच्चीवरच्या काळ्या टाकीत त्याची आयतीच सोय होते. थंड पाणी 20 अंशांखाली ठेवा, हा परदेशी नियम इथे मे महिन्यात पाळणार कोण? म्हणून टाकीवर सावली हवी, आणि टेस्ट उशिरात उशिरा, क्लोरीन घातलेल्या पाण्यानेच घ्यावी. त्यानंतर पेशंट येईपर्यंत प्रत्येक नळ, शॉवर आठवड्यातून किमान दोनदा सोडायचा आणि वहीत सही करायची. ‘पुढच्या मजल्यासाठी’ म्हणून टोपण लावून ठेवलेले पाइपचे तुकडे मेन लाइनपासूनच कापा.

उजनीचं पाणी रोज येत नाही, त्यामुळे संप, म्हणजे जमिनीखालची टाकी, जेवढा मोठा तेवढा बरा, असा इथला हिशेब. पण साठ्यात क्लोरीन उतरत जातो. नळावर लिटरला 0.2 मिलिग्रॅम तरी उरला पाहिजे, त्यासाठी मोजून क्लोरीन सोडणारा डोसिंग पंप बसवा. संपाला दोन कप्पे ठेवा, एक धुताना दुसरा चालतो. पाणी आत येण्याचं आणि बाहेर जाण्याचं तोंड मात्र एकाच कोपऱ्यात नको, नाहीतर पलीकडचं पाणी हलतच नाही. बोअरची लाइन पिण्याच्या लाइनला कुठेही जोडू नका, अगदी व्हॉल्व्ह लावूनसुद्धा.

सोलरवाल्यांचं वेगळंच. उन्हाळ्यात पाणी कढत, श्रावणात ढग आले की नुसतं कोमट, म्हणजे जंतूंना हवं तसं. गरम टाकी 60 अंशांवर ठेवणारा बॅकअप हीटर हवाच.

हॉस्पिटल सुरू करण्याआधी लिटरला 50 मिलिग्रॅम क्लोरीनचं पाणी किमान तासभर सगळ्या लाइनभर ठेवून मग धुऊन काढतात. त्याआधी डायलिसिसची लाइन वेगळी करा. क्लोरीन रक्तात गेला तर तांबड्या पेशी फुटतात.

आणि नमुन्याची बाटली. तिच्यात सोडियम थायोसल्फेट नसेल तर बाटलीतला क्लोरीन लॅबपर्यंत जंतू मारत राहतो आणि रिपोर्ट स्वच्छ येतो. आमचा पहिला रिपोर्ट असाच स्वच्छ आला होता.