नळाला गढूळ पाणी: भांडायच्या आधी चार बाटल्या भरा

नवी मुंबईतल्या कोपरखैरणेत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहते आणि घरातूनच डबे देते. रोजचे बावीस. तांदूळ धुताना पहिलं पाणी पांढरट निघतं, चौथ्या पाण्याला नितळ होतं, हे हाताला इतकं पाठ झालंय की मी बघतही नाही. गेल्या जुलैत एका सकाळी पाचव्यांदा धुतले तरी पाणी मातकटच. मला वाटलं तांदूळच खराब. वाण्याला फोन करून दोन शब्द सुनावले. त्याची नंतर माफी मागावी लागली, कारण रिकाम्या पातेल्यात नळ सोडला तर तोच रंग.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. मालकीणबाई पुण्याला असतात, त्या म्हणाल्या, ‘सोसायटीला सांग गं.’ सेक्रेटरी काका म्हणाले, ‘वरूनच तसं येतंय, आम्ही काय करणार?’ पाणीखात्यातून उत्तर आलं की लाइनला काही नाही, तुमच्या टाक्या बघा. तीन दिवस यातच गेले. तिघांपैकी कुणीही पाणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. भाडेकरूचं म्हणणं तसंही कानाआड जातं, त्यामुळे आधी स्वतः शोधायचं आणि मग बोलायचं, एवढं मी त्यातून शिकले.

शोधाशोध करताना घरात काय करायचं, ते आधी सांगते.

गढूळ पाणी दिसलं की वॉशिंग मशीन आणि गीझर बंद ठेवा. गाळ आत बसला की पाणी सुधारल्यावरही आठवडाभर पिवळं येत राहतं. प्युरिफायरचा इनलेट कॉकही बंद करा. गढूळ पाण्यात यूव्हीचा प्रकाश कणांच्या आड बसलेल्या जंतूंपर्यंत पोचत नाही, आणि आरओचे आधीचे फिल्टर दोन दिवसांत चोंदतात. माझा साधा फिल्टर शेणासारखा झाला होता. प्यायचं पाणी आधी निवळू द्या, हवी तर तुरटी फिरवा, वरचं पाणी चौपदरी सुती फडक्यातून गाळा आणि मग उकळा. उकळणं म्हणजे कडेला बुडबुडे आले की गॅस बंद, असं नाही. खळखळून उकळी फुटल्यावर पूर्ण एक मिनिट. त्याने जंतू मरतात. क्षार किंवा एखादं रसायन असेल तर ते तसंच राहतं. तुरटीचं उलट आहे, तिने गाळ बसतो पण जंतू मरत नाहीत. म्हणून दोन्ही करायचं.

गटाराचा वास असेल तर मात्र ते पाणी उकळायच्याही फंदात पडू नका. दात घासायला, कोथिंबीर धुवायला, बाळाची बाटली विसळायलाही ते नको. मी त्या दिवसांत वीस लिटरचे जार आणले आणि डब्यातली काकडीची कोशिंबीर बंद केली. दोन गिऱ्हाइकांनी कुरकुर केली, करू दे. गढूळ पाणी कधीपासून येतंय ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. जुलाब एक-दोन दिवसांत कळतात, दूषित पाण्याची कावीळ मात्र काही आठवड्यांनी उगवते, आणि तेव्हा डॉक्टरांनी विचारलं की तारीख आठवत नाही.

आता पाण्याचा रंग. ग्लासात भरून खिडकीत ठेवायचं, मागे पांढरा कागद. दुधाळ दिसलं आणि तळापासून वर निवळत गेलं तर ती नुसती हवा आहे, सोडून द्या. सकाळच्या पहिल्या पाण्याला तांबूस झाक आणि पाच मिनिटांत साफ, म्हणजे जुन्या लोखंडी पाइपाचा गंज. काळे कण बोटावर चुरडले आणि शाईसारखा डाग पडला, तर बहुतेक कुठल्यातरी नळाचा रबरी वायसर विरघळतोय. हिरवट आणि बुळबुळीत असेल तर गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडं आहे, ऊन लागून शेवाळ धरलंय. आणि एकाच नळाला घाण येत असेल तर कुणाला फोन करू नका, त्या नळाची जाळी फिरवून काढा आणि जुन्या टूथब्रशने घासा. शेजारच्या वहिनींकडेही तसंच येत असेल तर बिल्डिंगचा प्रश्न.

आमच्याकडे सगळ्यांकडेच येत होतं. म्हणून बाटल्या.

एक लिटरच्या चार पारदर्शक बाटल्या घेतल्या, लेबलं काढली, आणि मार्करने जागा, तारीख, वेळ लिहिली. बिल्डिंगमध्ये पाणी चार टप्प्यांनी आपल्यापर्यंत येतं. महापालिकेची लाइन, खालची जमिनीतली टाकी, पंपाने चढवलेली गच्चीवरची टाकी, आणि आपला नळ. प्रत्येक टप्प्याची एक बाटली. पहिली भरायची ती पाणी सुटलेलं असताना, बॉलकॉकमधून (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता कॉक) टाकीत पडायच्या आधी धार धरून. पाणी सुटून दहा मिनिटं झाल्यावर. दुसरी खालच्या टाकीतून, दोरीला बांधलेल्या स्वच्छ तांब्याने. तिसरी गच्चीवरून, चौथी सिंकमधून. वॉचमनदादांना चहा पाजला होता, त्यांनी झाकण उघडून दिलं. त्यांच्याशिवाय हे जमत नाही. त्यांच्याशी गोड बोला, ते भाडेकरू-मालक असा भेद करत नाहीत.

चारही बाटल्या कट्ट्यावर ओळीने ठेवल्या. पहिली नितळ. दुसरी चहाच्या गाळासारखी. तिसरी आणि चौथी दुसरीपेक्षा थोड्या फिक्या. म्हणजे घाण खालच्या टाकीत शिरत होती, आमचं पाणी जिथून येतं त्या मोरबे धरणातून किंवा भोकरपाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्रातून नव्हे. पण कुठून शिरत होती, ते सासूबाईंनी शोधलं. त्यांनी दुसरी बाटली उचलून जोरात हलवली आणि खाली ठेवली. वर फेस आला. आम्ही वाट बघत बसलो तरी तो बसेना. नितळ बाटलीतला फेस दोन सेकंदांत गेला होता. ‘साबण आहे गं यात,’ त्या म्हणाल्या.

आमची टाकी पार्किंगच्या खाली आहे, नवी मुंबईतल्या कित्येक जुन्या बिल्डिंगांमध्ये असते तशी. आणि तिच्या झाकणाच्या बरोबर वर रोज पहाटे तीन गाड्या धुतल्या जायच्या. लोखंडी झाकणाची एक कड गंजून खाल्ली होती, बोट जाईल एवढी फट. त्यात जुलैचा पाऊस, म्हणजे पार्किंगचं सगळं पाणी तिकडेच. मी बाजूला उकिडवी बसून बघितलं: शाम्पूचं पाणी फटीपाशी यायचं, एक भोवरा घ्यायचं आणि आत. याचा मोबाइलवर वीस सेकंदांचा व्हिडिओ काढला. बाटल्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला.

आता तक्रार कशी करायची. सोसायटीचा सभासद मालक असतो, भाडेकरू नाही, त्यामुळे पत्र मालकाच्या नावाने जायला हवं. मी मालकीणबाईंना मजकूर तयार करून दिला, त्यांनी फक्त आपल्या मेलवरून पाठवला. पत्रात ‘फार त्रास होतोय’ असं लिहू नका. अमुक तारखेला, अमुक वाजता, चार ठिकाणचं पाणी घेतलं, पहिलं स्वच्छ, दुसरं गढूळ, टाकीच्या झाकणाला फट आहे, झाकण बदलून टाकी अमुक तारखेपर्यंत धुवावी. एवढंच. मग मी बाटल्या पिशवीत घालून सोसायटीच्या ऑफिसात गेले आणि टेबलावर मांडल्या. सेक्रेटरी काकांनी पहिली आणि दुसरी शेजारी ठेवून पाहिली, चष्मा लावून लेबल वाचलं आणि विचारलं, ‘पहिली बिसलेरीची नाही ना?’ मी म्हटलं, उद्या सकाळी तुम्हीच भरा. त्यांनी खरंच भरली. मग काम हललं.

टाकी धुताना तिथे उभं राहा, नाहीतर वरवर पाणी मारून जातात. पूर्ण उपसायची, तळाचा गाळ बादलीने काढायचा, भिंती ब्रशने घासायच्या, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवून ते पाणी काढून टाकायचं. खालची झाली की वरचीही त्याच दिवशी, नाहीतर अर्धंच काम. भरलेल्या टाकीत जंतू मारायला चांगल्या प्रतीची पावडर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम लागते, म्हणजे दहा हजार लिटरच्या टाकीला पंचवीस ग्रॅम. वेगळी कालवून वरचं निवळलेलं पाणी ओतायचं आणि निदान अर्धा तास थांबायचं. आमच्याकडे माणूस सरळ अर्धं पाकीट टाकणार होता. ब्लीचिंगबरोबर अ‍ॅसिड अजिबात वापरू देऊ नका, विषारी वायू होतो. आणि बंद टाकीत माणूस उतरायच्या आधी झाकण बराच वेळ उघडं ठेवून हवा खेळती करायला हवी, वर दोरी धरून दुसरा माणूस हवाच. टाकीत गुदमरून माणसं दगावतात, यात घाई नको.

तुमची पहिली बाटलीच, किंवा लाइनची अगदी सुरुवातीची धार गढूळ निघाली तर प्रकरण वेगळं. आदल्या दिवशी मुख्य लाइनच्या कामासाठी शटडाउन होता का ते बघा. त्यानंतरचं पहिलं पाणी बऱ्याचदा गढूळ येतं आणि दिवसाभरात निवळतं. पण रोजच पहिली पाच-दहा मिनिटं घाण आणि मग साफ येत असेल तर बाहेरच्या पाइपाला कुठेतरी चीर आहे. पाणी बंद झालं की पाइपातला दाब जातो आणि चिरेतून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं की तेच आधी आपल्या टाकीत. तोपर्यंतचा उपाय म्हणजे टाकीच्या आधी एक टी (पाइपाचा तीन तोंडांचा जोड) आणि कॉक बसवून पहिली दहा मिनिटं पाणी बाहेर सोडायचं. पाणी वाया जातं खरं, पण टाकीभर पाणी नासण्यापेक्षा परवडतं. तक्रार करायची ती महापालिकेच्या विभाग कार्यालयातल्या पाणीपुरवठ्याकडे, लेखी, सोसायटीच्या लेटरहेडवर, आणि पोचेचा शिक्का घेऊन. तिथून हललं नाही तर ‘आपले सरकार’ या राज्य सरकारच्या पोर्टलवर टाका, तिथे तक्रार क्रमांक मिळतो.

पाहणीला माणूस आला की त्याला ओटी टेस्ट करायला सांगा. पाण्यात थेंब टाकले आणि पिवळं झालं तर क्लोरिन आहे. लाइनच्या पाण्यात पिवळं आणि तुमच्या सिंकच्या पाण्यात काहीच नाही, तर मधल्या घाणीने क्लोरिन खाल्लं असं समजा. प्रयोगशाळेत तपासायचं असेल तर माझ्यासारख्या घरच्या बाटल्या चालत नाहीत. त्यांची निर्जंतुक बाटली घ्यायची, तिच्यातली पावडर धुवून टाकायची नाही, आणि भरून त्याच दिवशी बर्फात ठेवून पोचवायची. अहवालात आधी ई-कोलाय या विष्ठेतून येणाऱ्या जंतूची ओळ बघा. आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे १०० मिलिलिटरमध्ये तो एकही असता कामा नये. गढूळपणा एक एनटीयूपर्यंत (हे गढूळपणा मोजायचं एकक) चांगला, दुसरा स्रोत नसेल तर पाचपर्यंत चालवून घेतात.

पैशांचं म्हणाल तर टाकी, झाकण, पाइप हे सोसायटीचं आणि मालकाचं. नळाचे वायसर, जाळ्या आपल्या. प्युरिफायरचे चोंदलेले दोन फिल्टर मी मालकीणबाईंकडून भाड्यात वळते करून घेतले, पण आधी मेसेजवर हो म्हणवून घेतलं. परस्पर भाडं कापू नका, डिपॉझिटच्या वेळी तेच उगाळलं जातं.

झाकण आता बदललंय, कड चार इंच उचलून घेतलीय आणि गाड्या गेटाबाहेर धुतात. त्यातल्या एका गाडीवाल्या काकांनी महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं. गणपतीत त्यांच्याकडून एकवीस उकडीच्या मोदकांची ऑर्डर आली, तेव्हा कळलं राग गेला.